माझं वाक्य, तुझ्या तोंडून

प्रिय भाऊ,

तुला पत्र लिहायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. एकच आवार, मधे सांबाराचा, कोथिंबिरीचा वाफा आणि वैनीची वाळवणाची खाट. हाक मारली की तू यायचास, आणि नाही आलास तर मीच तणतणत तुझ्या दारात उभी राहायचे. आज लिहितेय, कारण काल सकाळी मोबाइल उघडला आणि अर्ध्या आरमोरीच्या स्टेटसवर तू होतास. बाजूला दोन पणत्या, खाली झेंडूचा हार, 'झाडीपट्टीचा बुलंद आवाज हरपला'. आणि वर तो व्हिडिओ. कोणता, ते तुला सांगायला हवं का?

हो, तोच. बाबूरावकाकांवरचा.

यंदा दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत तुझ्या नाटक कंपनीने पहिला प्रयोग तुझ्या नावाने ठेवलाय. पडदा उघडायच्या आधी तुझी आठवण म्हणून मोठ्या पडद्यावर तुझे व्हिडिओ दाखवणार, आणि शेवटी हा, कारण हा सगळ्यांत जास्त चालला. सगळ्या गावासमोर! गावासमोर म्हणजे काकांसमोरही. काकांना त्या दिवशी पेटीवर बसायला सांगितलं तर ते म्हणाले, "त्या पोट्ट्याच्या नावानं मी पेटीले हात लावत नाई." पोरं मला हे सांगून हळहळली. "म्हातारा मेलेल्या माणसावरही राग धरून राह्यला," म्हणाली. मी मान हलवली. मी मान हलवली, भाऊ!

तुझ्या नावाने लोक जे चांगलं बोलतात त्याच्या शेवटी आता एक 'पण' येतो. "सुधाकर नट मोठा, पण जिभेचा तिखट." "माणूस दिलदार, पण गुरूला सोडलं नाही त्यानं." तो 'पण' मी लावलाय. हे तुझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही असं मी धरून चालले होते, आणि तू तर कोणाला सांगितलंच नाहीस.

आठवतं का हे सगळं सुरू कसं झालं? कोरोनात मंडया बंद, नाटकं बंद, तुझा मंडपाचा धंदाही बंद. तू अंगणात बसून खलनायकाचं हसणं हसायचास आणि कोंबड्या पळत सुटायच्या. मी घुग्घुसचा संसार आटोपून नुकतीच परत आले होते. सिमेंटची धूळ फुप्फुसातून गेली असेल, डोक्यातून काही जात नव्हती. दिवसभर टीव्हीवरच्या चर्चा पाहायचे आणि टीव्हीशीच भांडायचे. एक दिवस तू म्हणालास, "वंदे, टीव्हीले काऊन सांगून राह्यली? तो तुले ऐकते का? लोकाईले सांग ना."

मी म्हटलं, "नवऱ्याले सोडून आलेली बाई घर कसं टिकवावं सांगते म्हटलं, तर लोक चपला घेऊन येतीन."

तू डोळे मिचकावून म्हणालास, "मंग तू सांग, मी बोलतो. नाटकात दुसरं काय करतो मी?"

मोबाइलवरच्या आपल्या कार्यक्रमाचं नावही तूच ठेवलंस. आपण उजव्या विचारांचे, हे गावात कोणापासून लपलेलं नव्हतं. देव, देश, घर, कष्ट, वडीलधाऱ्यांचा मान, हेच आपले विषय. मी 'विचारमंथन' सुचवलं तर तू कपाळाला हात लावलास. "हे नाव आयकून माणूस जागेवरच झोपते. 'उजवा हात' ठेव. घास उजव्या हातानं, नमस्कार उजव्या हातानं, मंग मत काऊन डाव्या हातानं?" आणि पहिल्याच भागात हे वाक्य तू असं फेकलंस की घुग्घुसच्या खाणीतली पोरं पाळी संपवून आल्यावर ते एकमेकांना पाठवू लागली. बुद्धविहाराजवळचे गुरुजी दर भागाखाली आपल्या विरोधात लांबलचक लिहायचे आणि दुसऱ्या दिवशी येऊन आपल्याच ओट्यावर चहा प्यायचे. तू त्यांना म्हणायचास, "गुरुजी, तुमच्यामुळं आमचा शो चालून राह्यला." किती छान दिवस होते ते, नाही?

धानाच्या ढोलीशेजारच्या खोलीत आपण कॅमेरा लावायचो. चंद्रपूरच्या गोलबाजारातून तू तिपाई आणलीस, मी माइक. तू खुर्चीत, मी तिपाईच्या पायाशी पाटावर. झाडीपट्टीत नटाला पाठांतराला वेळ कुठे असतो? आज या गावी एक नाटक, उद्या त्या गावी दुसरं. आडोशाला बसलेला प्रॉम्प्टर वाक्य देतो आणि नट ते उचलतो. तू वीस वर्षं तेच केलं होतंस. मी हळूच कोरडं वाक्य द्यायचे, 'फुकट मिळालेल्या गोष्टीची किंमत राहत नाही.' तू क्षणभर थांबायचास, भुवई उचलायचास, आणि ते वाक्य मिशीला पीळ देऊन बाहेर यायचं. माझं वाक्य असं ऐकताना मला माझाच अभिमान वाटायचा. खरं सांगते, तुझा नाही, माझाच.

आणि लोकांना वाटायचं, वा, सुधाकरभाऊचं वाचन किती! तू मला सारखा म्हणायचास, "एकडाव तरी तुयं नाव सांगू दे." मीच नको म्हणायचे. नम्रता नव्हती रे ती. भीती होती. तुझ्या आड बसलं की माझ्यावर कोणी दगड मारू शकत नव्हतं, आणि मला मात्र हवा त्याला मारता येत होता.

त्या रविवारचा विषय होता सरकारी फुकट योजना. सकाळची वेळ, लाइव्ह चाललेलं, लोक धडाधड जोडले जात होते. विषयावर माझं मत आजही तेच आहे, भाऊ. हात पसरायची सवय लागली की माणूस आतून पांगळा होतो, असं बा सांगायचा आणि मी ते मानते. मासेमारीच्या तलावाच्या लिलावात हरला तेव्हाही बा कोणाच्या दारी गेला नाही, दुसऱ्याच्या जाळ्यावर मजुरीने गेला. ते सगळं तू सुरेख बोललास. पण तेवढ्यावर थांबले तर मी कसली! मला उदाहरण हवं होतं. जवळचं, नावागावाचं.

आणि मी वाक्य दिलं. "आपल्याच गल्लीतले बाबूराव पेटीवाले बघा. सरकारचं घरकुल घेतलं, आणि नाटकवाल्या बायांना भाड्याने देतात."

तुझे डोळे क्षणभर खाली आले. माझ्याकडे. मला वाटलं, गिळशील. पण वाक्य तोवर निघालंसुद्धा होतं. आणि कसं निघालं! 'नाटकवाल्या बायांले' या शब्दांवर तू रेंगाळलास, ते हसणं हसलास, खलनायक नायिकेचा पदर धरायच्या आधी हसतो ना, ते. सवयीनेच. तुझ्या मनात काही वाईट नव्हतं, मला माहीत आहे. पण बघणाऱ्याला जे समजायचं ते समजलं.

लाइव्ह संपलं. तू माइक काढलास, तांब्याभर पाणी घटाघटा प्यायलास.

"अवं, काकाचं नाव काऊन देलं?"

"खोटं हाय का? तिथी बाया राह्यते का नाई?"

"राह्यते. पण भाडं नाई घेत ना तो! कंपनीतल्या बायाईले रातच्या प्रयोगानंतर टेकाले जागा नसते म्हून देते. सोता मांगच्या कुडाच्या घरात झोपते. मी सोता पाह्यलं."

"मंग बोलला कायले?"

तू माझ्याकडे असं पाहिलंस की जणू मी विचारतेय श्वास का घेतला. "तू देलं म्हून बोललो. वाक्य कानात आलं का तोंडातून जाते, वंदे. मंधात डोकं येतच नाई."

आता एक गोष्ट सांगते. ती तुला जिवंतपणी सांगितली नाही. काका भाडं घेत नाहीत, हे मला पक्कं माहीत नव्हतं. पण घेतात हेही माहीत नव्हतं. मी विचारलंच नाही. विचारायचं नव्हतं मला. मी परत आले त्या वर्षी एका लग्नात पंगतीला काका माझ्या मागच्या ओळीत बसले होते, आणि कोणाला तरी म्हणाले, "सोताचं घर नाई टिकलं, अन् पोट्टी गावाले शिकवाले निंगाली." मी पत्रावळीवरचा भात तसाच ठेवून उठले होते. तू विचारलंस काय झालं, मी म्हटलं पोट दुखतंय. ते पोट त्या रविवारपर्यंत दुखत होतं. तत्त्व-बित्त्व काही नाही. मी राग काढला, आणि तोही तुझ्या तोंडून.

तू म्हणालास, "काढून टाक तो भाग." मी म्हटलं, उद्या. उद्यापर्यंत तो सिरोंच्यापासून नागपूरपर्यंत पोचला होता. मग मी काय केलं? तेवढाच तुकडा कापला, वर मोठ्या पिवळ्या अक्षरांत 'सुधाकरभाऊचा दणका' लिहिलं आणि वेगळा टाकला! तू पुन्हा म्हणालास. मी म्हटलं, "आता काढला तर लोक म्हणतील घाबरले. आपला विषय बरोबर आहे, माणूस चुकला असेल." बघ, कशी चतुर बहीण! विषयाची ढाल करायला मला किती सहज जमलं.

आणि तू गप्प बसलास. का बसलास रे? तू मोठा होतास. एक मुस्कटात ठेवून द्यायची होतीस. लहानपणी चिंचेसाठी ठेवून द्यायचास, आणि इतक्या मोठ्या गोष्टीला नुसतं "बरं" म्हणालास? मी पुस्तकं वाचते म्हणून माझं चुकत नाही, असं का वाटलं तुला? हा माझा तुझ्यावरचा राग आहे. तो कुठे ठेवू तेही कळत नाही.

पुढे काकांचं काय झालं ते तू माझ्यापेक्षा जास्त पाहिलंस. चहाच्या टपरीवर पोरं त्यांना 'घरमालक' म्हणून हाक मारायची. पंचायतीतून माणूस आला, घर बघून गेला, कागद घेऊन या म्हणाला. त्यातून काही निघालं नाही, निघण्यासारखं नव्हतंच. पण काकांनी पुढच्या खोलीला कुलूप घातलं. बायांना म्हणाले, "बाई, आता नका येऊ. माझ्या दारावर तुमचं नाव खराब होऊन राह्यलं." त्या हंगामात कंपनीच्या बाया शाळेच्या वऱ्हांड्यात चादरी बांधून झोपल्या. थंडीत. मी, मर्यादेवर आणि आयाबहिणींच्या अब्रूवर एपिसोडामागून एपिसोड लिहिणारी, त्यांच्या डोक्यावरचं छप्पर एका वाक्यात काढून घेतलं. आणि काकांनी पेटी सोडली. ज्या माणसाने तुला सुरात बोलायला शिकवलं, पहिलं काम मिळवून दिलं, त्याने तुझ्या वाक्यामुळे पेटी सोडली, असं गाव म्हणालं.

मी या सगळ्याला 'दुर्दैवी' म्हटलं होतं. तुला आठवत असेल. आणि पुढचा भाग लिहायला घेतला होता.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत तू म्हणालास, "येत्या रविवारी दोघं काकाकडे जाऊ. तू निसती सोबत ये, बोलतो मीच." मी म्हटलं, रविवारी एपिसोड आहे, पुढच्या रविवारी. तुझ्या छातीत तेव्हापासूनच दुखत होतं का? वैनीला तू 'गॅस हाय' म्हणून ओव्याची फक्की मागायचास. आम्ही सगळे तुझ्या गॅसची थट्टा करत होतो. मग त्या दुपारी शेताच्या बांधीतून परत येताना तू बांधावरच बसलास. गडचिरोलीच्या डॉक्टरांनी चंद्रपूरला न्यायला सांगितलं, आणि मूल गावाच्या अलीकडेच, गाडीत, तू माझा हात धरलेला सोडलास. तू शेवटी काय बोललास ते कोणी विचारलं तर सांगण्यासारखं काही नाही. तू "पाणी" म्हणालास, एवढंच. मी मोठ्या वाक्यांची सवय लावलेला तू, शेवटी एकच शब्द बोललास, आणि तो तुझा होता.

तुझ्या मातीला सगळी कंपनी आली. रडणाऱ्या नटांचं रडणं खरं की कामातलं, हे एरवी तूच थट्टेने विचारायचास. त्या दिवशी खरं होतं. भजन झालं, टाळ होते, मृदंग होता, पेटी नव्हती. लोक दाराकडे बघत होते. मीही बघत होते. मला वाटत होतं, काका न आलेले बरे. इतकी हलकी झाले होते मी.

आता वैनीने काय सांगितलं ते ऐक. परवा धान कापायला जायच्या आधी ती माझ्याकडे बसली. काही विचारलं नव्हतं मी. म्हणाली, "तुमाले एक सांगाचं होतं, बाई. ते दर शनवारी बाजारातून येतानी काकाच्या दारी जात. काका दार नाई उघडत. हे ओट्यावर बसत, अन् उठून येत. एकडाव उघडलं होतं."

"मग?"

"काकानं इचारलं, हे घरकुलाचं तुले कोणं सांगतलं? नाव सांग त्याचं. तर हे म्हणाले, कोणं नाई, माह्याच डोक्यातून आलं. काका म्हणाले, मंग तू मेला माह्यासाठी. अन् दार लावलं."

वैनी उठली, विळा घेतला. जाताना वळून म्हणाली, "त्याईच्या डोक्यातून कवा काय येत होतं, बाई? सूनबाईले साडी कोणत्या रंगाची घ्याची तेही मले इचारत." तिला सगळं माहीत होतं. सगळे दिवस माहीत होतं, आणि तिने माझ्या ताटात भात वाढायचं थांबवलं नाही. मला वाटतं तिने दोन शिव्या दिल्या असत्या तर मी आदल्या दिवशीसारखी झोपू शकले असते.

म्हणून काल, ते स्टेटस पाहिल्यावर, मी काकांकडे गेले. दुपारच्या उन्हात, सगळ्यांना दिसेल अशी. कुलूप तसंच होतं पुढच्या खोलीला. काका मागच्या कुडाच्या घरासमोर वालाच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मला बस म्हटलं नाही. मी उभीच राहिले.

मी पाठ करून गेले होते, भाऊ. तीन वेळा लिहून काढलं होतं. 'सार्वजनिक जीवनात काम करताना कधी कधी' असं काहीतरी सुरू होत होतं. त्यांच्या समोर आलं आणि ते सगळं थुंकावंसं वाटलं. मी म्हटलं, "काका, ते वाक्य मी देलं होतं. भाऊनं फक्त म्हटलं. त्याच्या डोक्यातून नोतं आलं. माह्या डोक्यातून आलं होतं. अन् मले तुमचा राग होता."

शेंग सोलता सोलता त्यांचे हात थांबले.

"तो तर म्हणे माह्याच डोक्यातून आलं."

"खोटं बोलला तो."

"माह्या दारात?" त्यांचा आवाज फाटला. "मेला माह्यासाठी म्हटलं त्याले. अन् मेला तो." मग माझ्यावर ओरडले, असे की शेजारची बाई कुंपणाशी आली. "अन् मले येऊन काऊन सांगून राह्यली तू? मले चोर म्हटलं ते गावासमोर म्हटलं ना? मंग माह्या अंगणात कायले कबूल करून राह्यली? इथीच बोलशीन तर इथीच राहीन. गावाले सांग! त्याच मोबाइलच्या डब्ब्यातून सांग!"

मी पाय धरायला वाकले. त्यांनी पाय मागे घेतले. माफ केलं नाही त्यांनी, आणि बरंच केलं. केलं असतं तर मी घरी येऊन चहा पिऊन सुखाने झोपले असते, आणि पडद्यावर तू पुन्हा तेच वाक्य बोलला असतास.

तिथून मी सरळ कंपनीच्या पोरांकडे गेले. म्हटलं, तो व्हिडिओ लावायचा नाही. ते म्हणाले, "ताई, तोच तर भाऊचा बेस्ट हाय." कारण काय सांगू? मी म्हटलं, रविवारी कळेल. आणि घरी येऊन तो तुकडा काढला. एक बटण दाबायचं होतं, भाऊ. एक बटण! तू असताना एवढं मला जमलं नव्हतं. लोकांच्या मोबाइलमधून तो काही जाणार नाही, ते मला कळतं. पोचलेलं वाक्य परत बोलावता येत नाही. त्याच्या मागून दुसरं पाठवावं लागतं, आणि तेही तितक्याच मोठ्या आवाजात.

भीती वाटतेय. तुझ्यापासून काय लपवू? आपले विरोधक नाचतील. म्हणतील, बघा, संस्काराच्या गप्पा, आणि पुरुषाच्या मुखवट्यामागे बसून बाईने म्हाताऱ्याची अब्रू घेतली. आपल्या बाजूचे म्हणतील, आत्ता कशाला, निवडणूक तोंडावर आली, गप्प बसा ताई. काकांच्या शेजारणीकडून ऐकून एकाने तसं कालच सुचवलंही, मोठ्या गोड शब्दांत. आणि सगळेच म्हणतील, आधी स्वतःचा संसार दाखव. दाखवीन. मोडला म्हणून सांगीन. मी घर, मान, मर्यादा, कष्ट यांतलं काहीही सोडलेलं नाही. उलट आता पहिल्यांदा ते मला महाग पडणार आहे. आजवर ते मी दुसऱ्यांनाच विकत होते.

संध्याकाळी वैनीला सगळं सांगितलं. रविवारी सकाळी मी लाइव्ह बसणार, त्याच खुर्चीत. म्हटलं, मागे भाऊचा मोठा फोटो लावते, हार घालते, त्याला साक्षी ठेवून बोलते. माझ्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं तीही रडेल.

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "फोटो नका लावू."

"काऊन वैनी?"

"लोक त्याले पाहतीन, रडतीन, अन् तुमाले माफ करून टाकतीन. लय वर्सं त्याईच्या आड बसल्या तुमी. आता त्याले मेल्यावर तरी म्होरं करू नका."

भाऊ, एवढी मोठी चपराक मला कोणी मारली नव्हती.

तेव्हा आता एवढंच सांगायचं. रविवारी मागे कोरी भिंत असेल. फोटो नाही, हार नाही, तुझा आवाज नाही, तुझा एकही तुकडा नाही. मी आहे तशी बसेन, आणि माझं पूर्ण नाव सांगेन. आतापर्यंतच्या सगळ्या भागांतलं प्रत्येक वाक्य कोणाचं होतं ते सांगेन. काका घर भाड्याने देत नाहीत, कधीच देत नव्हते, हेही सांगेन. त्या बायांची माफी मागेन. रडू आलं तर थांबेन, रडून झाल्यावर बोलेन. काका बघतील की नाही, माहीत नाही. त्यांनी पेटीला हात लावावा असं मी त्यांना म्हणणार नाही.

लोक शिव्या देतील. त्या यावेळी पत्त्यावर पोचतील.

आणि यापुढे तुझ्या नावाला जोडलेला तो 'पण' कोणी उच्चारला, चहाच्या टपरीवर असो की लग्नाच्या पंगतीत, तर मी तिथे उभी राहीन आणि म्हणेन, थांबा, ते माझं आहे. मरेपर्यंत म्हणेन. माझ्या माघारी कोणी म्हणणारं नसेल, म्हणून रविवारी सगळ्या गावाला सांगून ठेवते.

तुझी लहान बहीण,
वंदना